भूल रात्री उतरते

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय छापलाय 'डे-केअर शस्त्रक्रियेनंतर घरी वेदना कशा सांभाळाव्यात'. डे-केअर म्हणजे ऑपरेशन करून त्याच दिवशी घरी पाठवणं. त्यावर बोलणारच आहे. पण आधी तीन अक्षरांबद्दल बोलू द्या. एस, ओ, एस. घरी जाताना मिळणाऱ्या चिठ्ठीवर दुखण्याच्या गोळीपुढे ही अक्षरं असतात. मूळ लॅटिन, 'सि ओपस सिट', म्हणजे 'गरज पडल्यास'. डॉक्टर लिहितात 'गरज पडल्यास' आणि पेशंट वाचतो 'अगदीच सहन होईना तेव्हा'.

इथे कुणाकुणाला दुखणं अंगावर काढायची सवय आहे? हात वर करा बरं. आणि हात वर करताना ज्यांचा खांदा दुखला, त्यांनीही स्वतःला त्यातच धरावं!

माझ्या आईचंही दुखणं खांद्याचंच. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, सकाळी अकराला. मानेजवळ इंजेक्शन देऊन अख्ख्या हाताच्या नसा बधिर केलेल्या. मी स्वतः भूलतज्ज्ञ, पण त्या दिवशी दुसरीकडे ड्युटीवर होते. संध्याकाळी घरी आले तर आई प्रसन्न. "अगं, काहीच दुखत नाही. उगाच घाबरवत होतीस." हात ओंडक्यासारखा झोळीत पडलेला. मी म्हटलं, झोपताना गोळी घे. ती म्हणाली, "दुखत नसताना गोळी कशाला? चिठ्ठीवर एसओएस लिहिलंय." मी दमले होते. वाद घातला नाही.

अशा इंजेक्शनचा असर साधारण बारा-पंधरा तास टिकतो, कधी आणखी जास्त. अकरात पंधरा मिळवा. रात्रीचे दोन. आणि तो ओसरतो तेव्हा पुष्कळदा तास-दोन तासांतच ओसरतो. मला जाग आली चार वाजता, आईच्या येरझाऱ्यांनी. बाबा दिव्याखाली चिठ्ठी धरून बसलेले. दोन तास ती ठणका सोसत होती. का उठवलं नाहीत? "तू दिवसभर दमून आलीस." तेव्हा दिलेल्या गोळीने ठणका हटायला सकाळ उजाडली.

दुसऱ्या दिवशी आईला विचारलं, निघताना सिस्टरनी काय सांगितलं होतं? तिला सिस्टरच आठवेना! बाबा म्हणाले, ती मान डोलवत होती, 'हो हो' म्हणत होती. बरोबरच आहे. ऑपरेशनच्या वेळी धीर यावा म्हणून मिडॅझोलॅम नावाचं गुंगीचं औषध देतात, आणि त्याच्या अमलात माणूस नीट बोलतो, पण बोललेलं स्मरणात राहत नाही. त्या गुंगीतल्या माणसाला आपण रात्रीच्या सूचना देतो आणि आपलं काम झालं असं समजतो. याचा मला आजही मनापासून राग येतो.

डे-केअर ही काही आजची गोष्ट नाही. ग्लासगोचे सर्जन जेम्स निकॉल यांनी १९०९ साली लिहून ठेवलंय. दहा वर्षांत ८,९८८ मुलांवर शस्त्रक्रिया केल्या आणि मुलं घरी पाठवली. पण त्यांच्या मागोमाग परिचारिका घरी जात. आपण पेशंट घरी पाठवायचं शिकलो आणि परिचारिका तेवढी विसरलो.

दहाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा आता भराभर.

पहिले दोन-तीन दिवस गोळी घड्याळाकडे बघून घ्यायची. बधिरपणा असतानाच पहिली घ्यायची, कारण पोटातून गुण यायला अर्धा ते एक तास लागतो. प्रौढांसाठी पॅरासिटामॉल एका वेळी १ ग्रॅमपर्यंत, दोन मात्रांमध्ये किमान ६ तास, चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर याहून कमी, किती ते डॉक्टर सांगतील. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजायचं. आयब्युप्रोफेनसारखी गोळी पॅरासिटामॉलच्या जोडीने चांगलं काम करते, पण किडनीचा आजार, पोटातला अल्सर किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर विचारल्याशिवाय नको. ट्रॅमाडॉलसारख्या जड गोळीने गुंगी येते आणि पोट साफ होत नाही. ती कमीत कमी दिवस.

दुखणं शून्यावर येणार नाही. खोकता यावं, चार पावलं टाकता यावीत, झोप लागावी, एवढं झालं की औषध पुरे पडतंय. पोटाचं ऑपरेशन असेल तर खोकताना उशी पोटाशी धरा. दुर्बिणीतून पोटाचं ऑपरेशन झाल्यावर खांदा दुखला तर दचकू नका. आत भरलेल्या वायूने श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, चाळवतं, दोन-तीन दिवसांत थांबतं.

गोळ्या घेऊनही दुखणं वाढतच गेलं, ताप आला, पोटरी सुजली, बोटं निळी पडली, लघवी होईना, पट्टी रक्ताने भिजली, तर सकाळची वाट न बघता फोन करायचा, रात्री दोन वाजले असले तरी. तो नंबर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत हवा. आणि हे सगळं ऑपरेशनच्या आधी, पेशंट पूर्ण शुद्धीत असताना सांगायचं, रात्री जागणाऱ्या माणसाला शेजारी बसवून. एसओएसच्या जागी घड्याळातल्या वेळा लिहायच्या. रात्री दहा, पहाटे चार.

मागच्या रांगेत मघापासून एक हात वर आहे. विचारा.