कुणी बदललं, कधी बदललं आणि का

कर्वेनगर, रात्रीचे साडेअकरा. वन बीएचके फ्लॅट, दोन पोरं, दोन पोरी, चार लॅपटॉप आणि मधे एक एक्स्टेन्शन बोर्ड. चौघं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत, आणि पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की वारकऱ्यांना पिण्याचं पाणी कुठं, दवाखाना कुठं, रात्री झोपायची सोय कुठल्या शाळेत, हे सगळं मोबाईलवर दिसावं म्हणून वेबसाइट बनवतायत.

सुरुवातीला सगळं एका ऑनलाइन एडिटरमधे चाललं होतं. ब्राउझर उघडायचा, लिंक टाकायची, चौघं एकाच फाइलमधे, चार रंगांचे चार कर्सर पळतायत, भारी वाटतं बघायला. आणि ते आहेच भारी, दोघांनी एकाच वेळी टाइप केलं तरी अक्षरं एकमेकांत घुसत नाहीत, यामागचं ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन नावाचं तंत्र 1989 पासून आहे. पण कुठलं अक्षर कुठं बसवायचं एवढंच त्याला कळतं, कुठलं खरं ते नाही कळत.

एका रात्री तेच झालं. भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिराजवळची माहिती नीट लावताना कुणाच्या तरी हातून नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाजवळच्या नळांची अख्खी यादी उडाली. माउलींची पालखी एकीकडे, तुकोबांची दुसरीकडे, म्हणजे अर्धी वारीच गेली म्हणा ना. दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं, तोपर्यंत पेज तीनदा रिफ्रेश झालेलं, आणि अशा एडिटरमधे अंडू सहसा आपण स्वतः टाइप केलेलंच मागं नेतं, दुसऱ्याचं नाही. जुनी कॉपी शोधून सापडली, पण ती यादी का काढली, चुकून की मुद्दाम, हे त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मग ते गिटवर आले, म्हणजे फाइल्समधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या टूलवर.

गिट 2005 च्या एप्रिलमधलं. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारे तोवर त्यासाठी बिटकीपर नावाचं टूल वापरायचे, त्याचा फुकट वापर बंद झाला आणि लिनक्सचा मूळ कर्ता लिनस टोरवाल्ड्सने काही दिवसांतच स्वतःचं लिहायला घेतलं, जूनमधे लिनक्सचं 2.6.12 त्याच्यावर बाहेर पडलंसुद्धा. यात प्रत्येक कमिट म्हणजे त्या क्षणाच्या सगळ्या फाइल्सचा फोटो, सोबत कुणी केलं, कधी केलं, आधीचं कमिट कुठलं आणि एक मेसेज, आणि या सगळ्यातून निघालेला 40 अक्षरांचा हॅश, म्हणजे त्या कमिटचा बोटाचा ठसाच. मागचं एक अक्षर जरी बदललं तर पुढचे सगळे हॅश बदलतात, त्यामुळे गुपचूप काही खोडता येत नाही.

ब्राउझर सोडावा लागला असंही नाही. गिटहब म्हणजे गिटचे प्रोजेक्ट ऑनलाइन ठेवायची वेबसाइट, तिथं आपला रेपो, म्हणजे प्रोजेक्टचं फोल्डर, उघडून कीबोर्डवरचं टिंबाचं बटण दाबा, एडिटर तिथंच उघडतो. कोड चालवूनपण बघायचा असेल तर गिटहबचंच कोडस्पेसेस आहे.

पहिल्या आठवड्यात मात्र मेसेज असे होते, 'अपडेट', 'चेंजेस', 'फायनल', 'फायनल 2'. मला हे बघून खरंच वाईट वाटलं, कारण टूल जी जागा 'का' साठी ठेवतं तीच रिकामी. मग त्यातल्या एकीने नियम केला, मेसेजमधे कारण नसेल तर पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल मुख्य कोडमधे घ्या' ही विनंती, मर्ज होणार नाही. नंतरचा एक मेसेज बघा, 'निवडुंग्या विठोबाजवळचे नळ परत टाकले, भवानी पेठेची यादी लावताना उडाले होते'.

आणि आज रात्री मर्ज कॉन्फ्लिक्ट आलाय. पोरं याला घाबरतात, मला तर गिटमधली ही सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, एकच ओळ दोघांनी वेगळी बदलली तर ते मनानं काही ठरवत नाही, थांबतं आणि दोन्ही ओळी समोर ठेवतं. एकाच्या ब्रँचवर, म्हणजे त्याच्या वेगळ्या कॉपीत, टँकर पहाटे 5 ला, दुसरीच्या ब्रँचवर 6 ला. चौघं एकमेकांकडे बघतायत. शेवटी ती फोन उचलते, मंडळाच्या काकांना लावते, एवढ्या रात्री फोन केला म्हणून आधी सॉरी म्हणते आणि मग विचारते, "काका, टँकर नक्की किती वाजता येतो ओ?"

साडेपाच.

दोन्ही ओळी जातात, तिसरी येते, आणि मेसेजमधे ती लिहिते, 'टँकरची वेळ मंडळाला फोन करून विचारली'.