रिकामी ठेवलेली ओळ

जून महिन्यातील ही सकाळ आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील विद्यापीठाच्या या संगणक प्रयोगशाळेत रात्रभर वीज नव्हती. ती आता आली आहे आणि पहिल्या तासिकेच्या आत समोरच्या रांगेतील संगणकांवर लिनक्स ही संगणकप्रणाली नव्याने बसवायची आहे. कोणाच्याही हातात पेनड्राइव्ह नाही. संगणक सुरू होताच नेटवर्कवरील सर्व्हरकडे पत्ता मागतो, त्याच वाटेने कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि ती बसवणारा इन्स्टॉलर मेमरीत उतरवून घेतो आणि कामाला लागतो. या पद्धतीला ‘पीएक्सई’ म्हणतात.

इन्स्टॉलर मूळचा डेबियनचा, म्हणजे १९९३ साली सुरू झालेल्या आणि स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्स प्रकल्पाचा. भाषा कोणती, कळफलक कोणता, डिस्कचे भाग कसे पाडायचे, असे जे प्रश्न तो विचारतो, त्यांची उत्तरे ‘प्रीसीड’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आधीच लिहून ठेवता येतात. विद्यापीठाने स्वतःसाठी घडवलेला इन्स्टॉलर म्हणजे मुख्यत्वे ही फाइल आणि परिसरातच साठवलेली पॅकेजेस, म्हणजे बसवायच्या सॉफ्टवेअरचे संच. मराठी, इन्स्क्रिप्ट कळफलक, देवनागरी फॉण्ट, लिबरऑफिस, पायथन यांच्या ओळी लिहायला आम्हाला फार दिवस लागले नाहीत. उरलेल्या बहुतेक ओळी मात्र मदतीसाठी आलेल्या एकेका फोननंतर लिहिल्या गेल्या आहेत.

घड्याळाची ओळ अशीच आली. पावसाळ्यात संगणक अनेक दिवस विजेविना राहिले, की मदरबोर्डावरील जुना सेल संपतो आणि घड्याळ काही वर्षे मागे जाते. मग पॅकेजांच्या यादीवरची तारीख संगणकाला भविष्यातली वाटते, ‘ही फाइल अजून वैध नाही’ असे सांगून तो ती नाकारतो आणि स्थापना अडते. मूळ इन्स्टॉलर वेळ विचारण्यासाठी इंटरनेटवरील सर्व्हरकडे जातो. पण वादळी पावसात बाहेरची जोडणीच तुटलेली असली, तर तिथेही उत्तर मिळत नाही. म्हणून आमचा इन्स्टॉलर परिसरातल्याच सर्व्हरला वेळ विचारतो. हे कारण आम्हाला कोणत्याही पुस्तकात सापडले नव्हते. एका महाविद्यालयातील प्रयोगशाळा सहायकाने पडद्यावरील संदेश फोनवर अक्षर अक्षर वाचून दाखवला, तेव्हा ते उमगले.

डिस्कच्या ओळीबद्दल सांगणे अधिक जड आहे. पहिल्या आवृत्तीत आम्ही सर्व प्रश्नांची उत्तरे भरली होती. मेनूतील एक नोंद निवडली, की डिस्क पुसली जाऊन स्थापना पूर्ण होत असे आणि त्या वेगाचा आम्हाला अभिमान होता. त्याच वेगाने एका संशोधक विद्यार्थिनीच्या संगणकावरील कांदळवनाच्या दोन हंगामांच्या नोंदी गेल्या. काही वह्यांमध्ये होत्या, त्या तिने पुन्हा उतरवल्या. बाकीच्या परत आल्या नाहीत. चूक तिची नव्हती, आम्ही लिहिलेल्या दोन ओळींची होती. डिस्कवरील बदलांना आपोआप संमती देणाऱ्या त्या ओळी आम्ही काढल्या आणि तेव्हापासून हा एकच प्रश्न इन्स्टॉलर माणसाला विचारतो. त्यासाठी प्रत्येक संगणकापाशी जाऊन उभे राहावे लागते, वेळ जातो, आणि तो जावा असेच आम्हाला वाटते.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आले आणि ३२-बिट, म्हणजे जुन्या धाटणीच्या, संगणकांसाठीचा इन्स्टॉलर त्यातून वगळला गेला. संलग्न महाविद्यालयांत असे संगणक अजून वापरात आहेत. त्यांच्यासाठी डेबियन १२ ची वेगळी फाइल आम्ही सांभाळतो.

फोन वाजतो आहे. राजापूरकडील एका महाविद्यालयातून सहायक विचारत आहेत, ‘‘मॅडम, बदल डिस्कवर लिहू का, असं विचारतोय. हो म्हणू?’’

‘‘थांबा, दादा. हा संगणक आधी कोण वापरत होतं, ते विचारून या. मी फोन धरून ठेवते.’’