ताप कुठल्या फांदीवर?

[केसपेपरची खिडकी, रांग]

बेळगावचा सीमाभाग. सकाळची ओपीडी. एक आजी म्हणते, "अंगात कणकण हाय." मागचा गडी कन्नडमध्ये सांगतो, "ज्वर." खिडकीतल्या ऑपरेटरने दोघांची नोंद एकाच कोडवर करायची आहे: ३८६६६१००६, म्हणजे ताप. पडद्यावरचं नाव मराठीत असो की कन्नडमध्ये, कोड तोच.

[पडद्यावर उघडत जाणारी उतरंड]

हा कोड स्नोमेड सीटीचा, म्हणजे आरोग्यनोंदींसाठीच्या आंतरराष्ट्रीय संज्ञासंग्रहाचा. साडेतीन लाखांहून जास्त संज्ञा, आणि त्यांची मांडणी अर्थानुसार. ताप हे लक्षण, मलेरिया हा रोग. म्हणून तापाच्या फांदीवर मलेरिया सापडत नाही. शास्त्राला हे बरोबर आहे. रांग मात्र थांबून राहते.

[फळा, चिकटवलेल्या चिठ्ठ्या]

त्यावर उपाय म्हणजे नोंदीपुरती वेगळी उतरंड. मूळ मांडणीला हात लावायचा नाही. आधी महिन्याभराचे केसपेपर मोजायचे आणि जास्त येणारी तक्रार वर घ्यायची. इंग्रजी अक्षरक्रम ठेवला तर ॲब्सेस (गळू) रोज वरच दिसतो. पहिल्या पडद्यावर सात-आठ शीर्षकं पुरे, तिसऱ्या क्लिकला कोड हाती यावा. निपाणीकडे, जिथे विडी आणि तंबाखूचं काम आहे, तिथे खोकला आणि दम वर. खानापूरच्या रानात पावसाळ्यात सर्पदंश वर. फुफ्फुसाचा क्षय खोकल्याखाली ठेवायचा, तापाखालीही, कोड एकच.

हे सगळं क्रमवार संदर्भसंचात, म्हणजे स्नोमेडमधल्या क्रम लावलेल्या यादीत, बसतं. एका ओळीत वरचं शीर्षक, खालची संज्ञा आणि क्रमांक. क्रम बदलायचा तर फक्त क्रमांक बदलतो.

[ऑपरेटरचा हात, माउस]

चुका ठरलेल्या जागी होतात. शीर्षक निवडता येत असेल, तर घाईत तेच निवडलं जातं आणि निदान नोंदलंच जात नाही. 'इतर' वर ठेवलं की निम्मी ओपीडी त्यात जाते. शोधपेटी काढून टाकली की क्वचित दिसणारा आजार अडतो. सर्वांत महागात पडतं ते या उतरंडीवरून अहवाल काढणं: क्षय दोन ठिकाणी असल्याने दोनदा मोजला जातो. मोजणी मूळ मांडणीवरूनच करायची.

नोंद नीट झाली, तर रुग्ण पुढच्या दवाखान्यात गेला तरी निदान त्याच्यासोबत जातं.

[नव्या आवृत्तीची यादी, लाल ओळी]

स्नोमेडची आंतरराष्ट्रीय आवृत्ती आता दर महिन्याला येते. काही संज्ञा बाद होतात, पण आपली उतरंड त्यांच्याकडेच बोट दाखवत राहते. प्रत्येक आवृत्तीसोबत बाद कोडची यादी आपल्या संचाशी ताडायची, बदली कोड डॉक्टरला दाखवायचा आणि मगच जुन्या ओळीवर काट मारायची.