राउटर घेण्याआधी एक फोन

श्रोतेहो, नमस्कार. राउटर घ्यायला दुकानात गेलं की आधी अँटेना मोजून दाखवतात आणि खोक्यावरचा वेग वाचून दाखवतात. ते बघाच. पण माझं आग्रहाचं सांगणं असं, की पैसे मोजण्याआधी त्या कंपनीच्या हेल्पलाइनला एक फोन लावा. शक्यतो रविवारी संध्याकाळी, कारण घरचं नेट दुरुस्त करायला नोकरदार माणसाला वेळ मिळतो तो तेव्हाच. विचारा, "माझ्या फायबर कनेक्शनला युजरनेम-पासवर्ड टाकावा लागतो. सेटिंग करताना फोनवर मदत कराल ना?" पलीकडे माणूस येतो का, आपल्याला कळेल अशा भाषेत बोलतो का, हे पाच-दहा मिनिटांत समजतं.

नेट बंद पडलं की खरी ओढाताण सुरू होते. इंटरनेटवाला म्हणतो राउटर खराब आहे, राउटरवाला म्हणतो लाइन खराब आहे. फायबरची तार ज्या डब्यात येते, त्यावरचे दिवे पाहा. 'एलओएस' नावाचा दिवा लाल झाला असेल, तर बहुतेक वेळा बिघाड फायबरमध्येच असतो. राउटर बदलून उपयोग नाही. दिवे ठीक दिसत असतील तर लॅपटॉप केबलने राउटरलाच जोडा. केबलवर नेट नीट चालतं आणि वायफायवरच अडतं, म्हणजे लाइन ठीक आहे, राउटरचं वायफाय तपासायला हवं. चांगला सपोर्टवाला हेच आधी विचारतो. 'रिसेट करा' म्हणून फोन ठेवणाऱ्याच्या नादी लागू नका. रिसेट केलं की आपण टाकलेलं युजरनेम-पासवर्डही पुसलं जातं.

सपोर्टचा दुसरा भाग डोळ्यांना दिसत नाही, तो म्हणजे फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट. २०१८ साली 'व्हीपीएनफिल्टर' नावाच्या व्हायरसने ५४ देशांतली किमान पाच लाख उपकरणं पोखरली, आणि त्यांत बहुतेक घरातले आणि छोट्या ऑफिसांतले राउटर होते. व्हायरस ज्यातून शिरतो ती सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवायची तर अपडेट यायला हवं. म्हणून राउटरच्या खालच्या स्टिकरवर मॉडेल नंबरसोबत हार्डवेअर व्हर्जन, म्हणजे त्या मॉडेलची कितवी आवृत्ती, ते वाचा आणि कंपनीच्या साइटवर नेमक्या त्याच व्हर्जनचं शेवटचं अपडेट कधीचं आहे ते पाहा. दोन-तीन वर्षांत काहीच आलेलं नसेल, तर स्वस्तात मिळत असला तरी तो राउटर घेऊ नका. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेट किमान किती काळ देणार, हे कंपनीने जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे. आपण ते विचारून घ्यावं, जमल्यास ईमेलवर.

वॉरंटीत दुरुस्ती मिळते की बदली, सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे की पुण्या-मुंबईला कुरिअर करायचं, आणि कुरिअरचा खर्च कोणाचा, हेही दुकानातच विचारा. पक्कं बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. एवढं करूनही कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. तक्रार नोंदवताना ते बिल हाताशी ठेवा.