गोदीत जहाज बांधले जात नाही

मित्रहो, भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट मांडव्याला नेणारी रो-रो बोट आपल्यापैकी पुष्कळांनी वापरलेली असेल. मार्च २०२० मध्ये ती सुरू झाली आणि तिने अलिबागचा वळसा वाचवला. धक्का सोडताना जवळच ज्या उंच क्रेन दिसतात त्या माझगाव डॉकच्या. १७७४ साली तेथे एक लहानशी सुकी गोदी, म्हणजे पाणी काढून कोरडी करता येणारी गोदी, खणली गेली आणि आज तेथे विनाशिका व पाणबुड्या बांधल्या जातात. त्या गोदीच्या शेजारून रोज ये-जा करणारी आपली बोट मात्र ग्रीसमध्ये बांधून आणलेली आहे. ज्यांना साडेसात हजार टनांची युद्धनौका बांधता येते त्यांच्या दारातली बोट परदेशातून का यावी, हा प्रश्न मनात ठेवूनच मी आज या उद्योगातल्या नव्या घडामोडींविषयी बोलणार आहे.

आधी जहाज बांधतात कसे ते पाहू. कोकणातला सुतार किनाऱ्यावर आधी कणा टाकतो, त्यावर वाकलेल्या फासळ्या उभ्या करतो आणि मग फळ्या चढवतो. सगळे काम एकाच जागी, एकापाठोपाठ एक होते. लोखंडी जहाजेही कित्येक वर्षे याच क्रमाने बांधली जात. आता तसे होत नाही. पोलादाचे पत्रे कारखान्यात येतात, त्यांचा गंज झाडून त्यांवर प्रायमर चढतो, संगणकाच्या आज्ञेने प्लाझ्मा यंत्र ते कापते आणि त्यांचे ब्लॉक, म्हणजे जहाजाचे मोठाले तुकडे, छपराखाली तयार होतात. हे ब्लॉक पुष्कळदा उलटे ठेवून जोडतात, कारण वेल्डरला मान वर करून छताला टाका मारण्यापेक्षा खाली पाहून टाका मारणे सोपे जाते, कामही लवकर होते आणि जोडही चांगला येतो. नंतर क्रेनने ब्लॉक सुलटा करतात. पाइप, केबलचे ट्रे, हवा खेळवण्याच्या नळ्या, यांतले जेवढे त्याच्या पोटात आधीच बसवता येईल तेवढे बसवतात. या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे: जे काम कारखान्यात एका तासात होते त्याला ब्लॉकवर तीन तास लागतात आणि जहाज तरंगू लागल्यावर आठ. आकडे प्रत्येक गोदीत थोडे इकडेतिकडे होतील, पण त्यातले मर्म सगळीकडे खरे आहे. म्हणून मी म्हणतो की आजचे जहाज गोदीत बांधले जात नाही. ते कारखान्यात बांधले जाते, गोदीत फक्त जोडले जाते.

हे एकदा ध्यानात आले की क्रेनच्या क्षमतेची बातमी जलावतरणाच्या बातमीपेक्षा महत्त्वाची का, हे कळते. क्रेन जितके वजन उचलेल तितका मोठा आणि तितका पूर्ण झालेला ब्लॉक गोदीत येईल. स्वीडनमधल्या माल्मो शहरातल्या कोकम्स गोदीत १९७०च्या दशकात १३८ मीटर उंचीची आणि १५०० टन उचलणारी एक क्रेन उभी राहिली. त्या काळी स्वीडन जहाजबांधणीत जगातल्या पहिल्या काही देशांत होता. पुढे तेलाच्या संकटानंतर टँकरची मागणी आटली, गोद्या बंद पडल्या आणि २००२ साली ती क्रेन दक्षिण कोरियातल्या ह्युंदाईने अवघ्या एका डॉलरला घेतली. सुटी करून उल्सानला नेण्याचा खर्च अर्थात वेगळा. तिचे भाग समुद्रमार्गे निघाले तेव्हा माल्मोचे लोक किनाऱ्यावर उभे राहून पाहत होते, आणि तिला ‘माल्मोचे अश्रू’ हे नाव पडले. या उद्योगाचे केंद्र युरोपातून आशियाकडे सरकले, ते असे एका क्रेनच्या रूपाने डोळ्यांना दिसले. आज जगातल्या जहाजबांधणीचा निम्म्याहून अधिक वाटा एकट्या चीनचा आहे. उरलेल्यातला बहुतेक भाग कोरिया आणि जपान उचलतात. भारताचा वाटा एक टक्काही नाही.

आता आपल्याकडे वळू. माझगाव डॉकने आधुनिकीकरणात ३०० टन उचलणारी गोलियाथ क्रेन (दोन्ही बाजूंच्या पायांवर उभी राहून रुळांवरून सरकणारी), ब्लॉक जोडण्यासाठी मोठी शेड आणि पाण्यातले काम करण्यासाठी नवे बेसिन उभारले. ‘विशाखापट्टणम’ या विनाशिकेचा कणा ऑक्टोबर २०१३ मध्ये ठेवला गेला आणि ती नोव्हेंबर २०२१ मध्ये नौदलात दाखल झाली, म्हणजे आठ वर्षे लागली. त्याच आराखड्याची चौथी आणि शेवटची नौका ‘सुरत’. तिचा कणा नोव्हेंबर २०१९ मध्ये ठेवला आणि १५ जानेवारी २०२५ रोजी ती ‘निलगिरी’ ही फ्रिगेट (विनाशिकेहून लहान युद्धनौका) व ‘वाघशीर’ ही पाणबुडी यांच्यासह मुंबईतच दाखल झाली. म्हणजे सव्वापाच वर्षांहून थोडे कमी. तिचा सांगाडा दोन वेगवेगळ्या ठिकाणी तयार करून माझगावला जोडला होता. हा फरक केवळ यंत्रांनी पडला नाही. तोच आराखडा चौथ्यांदा हाती आला की कोणता पाइप कुठे अडतो हे फिटरला नकाशा न पाहता ठाऊक असते. जहाजबांधणीत शहाणपण येते ते पुनरावृत्तीतून, आणि नेमकी हीच गोष्ट आपल्या व्यापारी जहाजांच्या वाट्याला आलेली नाही.

कोचीन शिपयार्डची नवी सुकी गोदी १७ जानेवारी २०२४ रोजी खुली झाली. ३१० मीटर लांब आणि ६०० टनांच्या गोलियाथ क्रेनची. तिची रुंदी एका भागात ७५ मीटर आणि उरलेल्या भागात ६० मीटर आहे. याच गोदीवाल्यांनी ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका बांधली, पण ती जुन्या, अरुंद गोदीत. नव्या गोदीत त्याहून मोठी जहाजे बसतील. मला मात्र कोचीची लहान कामे अधिक बोलकी वाटतात. तिथल्या वॉटर मेट्रोच्या शंभर प्रवाशांच्या, कॅटामरान धाटणीच्या, म्हणजे दोन सांगाडे जोडून केलेल्या, अ‍ॅल्युमिनियम बोटी बॅटरीवर चालतात. त्यांतल्या लिथियम टायटेनेट बॅटऱ्या दहा-पंधरा मिनिटांत भरतात, त्यामुळे प्रवासी चढ-उतार करेपर्यंत धक्क्यावर चार्जिंग उरकता येते. अशा बोटी एक-दोन नव्हे, एकाच आराखड्यावर तेवीस मागवल्या गेल्या. त्याच गोदीने नॉर्वेच्या एका किराणा मालाच्या कंपनीसाठी ‘मारित’ आणि ‘तेरेसे’ अशा दोन विजेवरच्या बार्ज बांधल्या. प्रत्येकी ६७ मीटर लांब, सोळा ट्रेलर घेणाऱ्या, ओस्लोच्या खाडीत पुढेमागे खलाशाविना चालाव्यात अशा बेताने आखलेल्या. २०२२ साली त्या दुसऱ्या एका जहाजाच्या पाठीवर बसून नॉर्वेला गेल्या.

गोव्याविषयी थोडक्यात. वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये रशियन आराखड्याच्या दोन फ्रिगेट तयार होत आहेत. ‘त्रिपुट’ जुलै २०२४ मध्ये पाण्यात उतरली, ‘तवस्य’ मार्च २०२५ मध्ये. रशियन आराखडा, युक्रेनी गॅस टर्बाइन आणि गोव्याची बांधणी, असा हा संसार आहे. तो कोणी ठरवून मांडलेला नाही, पण इंजिनासाठी आपण अजून इतरांवर किती अवलंबून आहोत हे त्यात उघड दिसते. सांगाडा आपला, पोलादही आता आपले. पण त्याला पुढे ढकलणारे यंत्र बहुतेक वेळा बाहेरचे.

शेवटी पैशाचे बोलले पाहिजे, कारण या धंद्यात क्रेनपेक्षाही व्याजाचा दर अधिक वजन उचलतो. व्यापारी जहाजाचे पैसे हप्त्यांनी मिळतात आणि बाजार मंद असला की खरेदीदार आधी दहा-दहा टक्क्यांचे चार हप्ते देऊन किमतीचे उरलेले साठ टक्के जहाज ताब्यात घेताना देतो. मधल्या दोन-अडीच वर्षांत पोलाद, इंजिन आणि पगार यांचा भार गोदीवर, म्हणजे बँकेच्या कर्जावर. शिवाय जहाज न मिळाल्यास हप्ते परत मिळतील अशी बँकहमी खरेदीदाराला हवी असते. ज्या गोदीचा ताळेबंद कच्चा आहे तिला ही हमीच मिळत नाही, मग वेल्डर कितीही कसबी असोत. आपल्याकडची तीस टक्के अनुदानाची योजना ऑगस्ट २००७ मध्ये संपली, पाठोपाठ २००८ ची जागतिक मंदी आली आणि भरभराटीत विस्तारलेल्या खासगी गोद्या कर्जात बुडाल्या. २०१६ मध्ये वीस टक्क्यांपासून हळूहळू घटत जाणारे साहाय्य पुन्हा सुरू झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ६९,७२५ कोटी रुपयांचे पॅकेज मंजूर केले. त्यात थेट साहाय्याला २४,७३६ कोटी आणि सागरी विकास निधीला २५,००० कोटी आहेत. निधीतले ५,००० कोटी व्याजाचा भार हलका करण्यासाठी राखलेले आहेत. माझ्या मते सगळ्या पॅकेजमध्ये कळीची रक्कम हीच, जरी ती सर्वांत लहानांपैकी असली तरी.

माझगाव डॉकपुढे आणखी एक अडचण आहे, ती जागेची. तीन बाजूंनी मुंबई आणि चौथ्या बाजूला समुद्र. म्हणून जून २०२५ मध्ये या कंपनीने कोलंबो डॉकयार्डमधला बहुमताचा हिस्सा जपानी मालकाकडून घेण्याचा करार जाहीर केला. तिथल्या चार सुक्या गोद्यांपैकी सर्वांत मोठीत सव्वा लाख टन माल वाहणारे जहाज दुरुस्तीला बसते. युद्धनौका बांधणाऱ्या कंपनीने व्यापारी जहाजांच्या धंद्याकडे टाकलेले हे पाऊल मला महत्त्वाचे वाटते.

आता सुरुवातीचा प्रश्न. कोणाला एकच रो-रो बोट हवी असेल तर तिचा आराखडा, साचे आणि चाचण्या यांचा सारा खर्च त्या एका बोटीवर पडतो. मग ग्रीसमधली तयार आराखड्याची बोट स्वस्त पडते यात नवल नाही. कोचीच्या वॉटर मेट्रोने तेवीस बोटी एकदम मागवल्या म्हणून त्या कोचीतच बांधल्या गेल्या. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या धक्क्यांचे उतार एका मापाचे करून, त्यांना चालतील अशा आठ-दहा बोटींची मागणी एकत्र नोंदवली गेली, तर मांडव्याची पुढची बोट भाऊच्या धक्क्याजवळच्या गोदीतून का येऊ नये?