रविवारचं घर

(ऑस्टिन परिसरातल्या मराठी मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, सुरुवातीला जरा हात वर करा. इथं टेक्सासमध्येच असलेल्या फ्रेडरिक्सबर्ग गावाला जाऊन पीच कोणी कोणी आणलेत? जवळजवळ सगळ्यांनी, छान! आता मेन स्ट्रीटवरच्या पायोनियर म्युझियममध्ये आत कोण गेलंय? तिकडे मागे दोन हात दिसतायत. चहाच्या वेळी मला नक्की भेटा, मला तुमच्याशी पुष्कळ बोलायचंय.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘परदेशात भाषा किती पिढ्या टिकते?’ तिकडे मी येणार आहेच. पण त्याआधी तुम्हाला त्या म्युझियमच्या आवारात घेऊन जाते, कारण उत्तर मला तिथे सापडलंय असं मी मानते.

ऑस्टिनहून २९० नंबरच्या रस्त्यानं साधारण दीड तास. पुण्याहून पाहुणे आले की आपण सगळे तिकडे जातो, पण वाटेतल्या वाइनरींमध्येच दुपार सरते. उरलेला वेळ दुसऱ्या महायुद्धातल्या पॅसिफिक युद्धाच्या मोठ्या म्युझियममध्ये जातो. अ‍ॅडमिरल निमिट्झ, म्हणजे त्या युद्धातले अमेरिकेच्या पॅसिफिक आरमाराचे सेनापती, याच गावचे, १८८५ साली तिथेच जन्मले, तेव्हा तेही बघाच. माझी तक्रार एवढीच, की ज्या गावानं तो माणूस घडवला ते गाव कसं जगत होतं, हे चार पावलांवर मांडून ठेवलंय आणि तिथं आपण वळत नाही. पाहुणे मला म्हणतात, “अगं, जुनी घरं काय बघायची? आमच्याकडे वाडे पडतायत.” याचा मला खरंच त्रास होतो. वाडे पडतायत म्हणूनच तर बघायचं, की दुसऱ्या कुणी आपली घरं कशी जपली.

आता हे गाव वसवणारी जर्मन माणसं तिथं आली कशी, ते सांगते. १८४२ साली ऱ्हाइनकाठच्या बीब्रिखला काही जर्मन सरदारांनी आणि राजपुत्रांनी एक संस्था काढली. टेक्सास तेव्हा स्वतंत्र देश होता. तिथं आपली माणसं पाठवायची, त्यांना जमीन द्यायची, असा बेत. जमिनीचा हक्क घेतला तो लानो आणि कोलोराडो नद्यांच्या मधल्या मुलखाचा. तो मुलूख कोमांची या मूळ अमेरिकन जमातीचा, आणि हक्क विकत घेण्याआधी त्याची पाहणीसुद्धा केलेली नव्हती. संस्थेतर्फे प्रिन्स कार्ल आले, मार्च १८४५मध्ये त्यांनी न्यू ब्राउनफेल्स वसवलं, आणि त्याच वर्षी ते परत गेले. मागे राहिलं कर्ज. ते निस्तरायला आले मॉयझेबाख. या गृहस्थांनी नावातलं सरदारकी दाखवणारं ‘फॉन’ आणि सरदारकी टाकून दिली आणि साधे जॉन मॉयझेबाख झाले.

तेवढ्यात किनाऱ्यावर, पुढे ज्याला इंडियानोला म्हणू लागले तिथे, हजारो माणसं उतरत होती. १८४५-४६चा तो हिवाळा. डोक्यावर छप्पर नाही, तंबूत आणि जमिनीत खणलेल्या खड्ड्यांत मुक्काम, सतत पाऊस. पुढे अमेरिका-मेक्सिको युद्ध सुरू झालं आणि लष्करानं जास्त पैसे देऊन बैलगाड्या नेल्या. मग आत जायचं कसं? ताप आणि हगवणीनं शेकडो माणसं गेली. कित्येक जण चालत निघाले आणि वाटेतच राहिले. सध्या मी जर्मनीतून आलेल्या त्या आयांचा फार विचार करते. घरी पत्र पाठवायचं तर त्यात लिहायचं काय?

तर न्यू ब्राउनफेल्सहून निघालेले पहिले एकशे वीस जण सोळा दिवसांच्या प्रवासानंतर ८ मे १८४६ रोजी फ्रेडरिक्सबर्गच्या जागी पोचले. प्रत्येकाला गावात एक प्लॉट आणि बाहेर दहा एकर शेत. पुढच्या वर्षी मॉयझेबाखनी कोमांचींशी तह केला. त्या तहावर एक अख्खं व्याख्यान होईल. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२ साली, न्युएसेस नदीपाशी युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूच्या जर्मनांना मारलं, त्यावर दुसरं. आज दोन्ही सोडते, नाहीतर संयोजक मला सोडणार नाहीत.

आता घराकडे. आवारात काम्ला कुटुंबाचं घर आहे, संसार वाढला तसं मागे मागे वाढत गेलेलं. एका खोलीची शाळा आहे. आणि एका बाजूला एवढंसं घर, १९०४ सालचं, वेबर कुटुंबाचं. हे रविवारचं घर.

दहा एकरांत भागेना, तेव्हा लोक लांब लांब शेतं आणि गुरांचे मळे करून राहिले. बैलगाडीनं किंवा घोडागाडीनं गावात येऊन त्याच दिवशी परतणं जमेना. म्हणून गावातल्या प्लॉटवर मुक्कामापुरतं घर बांधायचं. खाली एक खोली, मागे उतरत्या छपराचं स्वयंपाकघर, वर माळा. माळ्यावर मुलगे झोपायचे, आणि तिथं जायचा जिना बऱ्याचदा घराच्या बाहेरून. शनिवारी सगळं कुटुंब यायचं, अंडी-लोणी विकायचं, मीठ-कापड घ्यायचं, संध्याकाळी नाच. रविवारी चर्च, मग शेजाऱ्यांकडे बसणं, आणि दुपारी परत. कुणी आजारी पडलं की डॉक्टरजवळ म्हणून इथंच मुक्काम. मळा मुलाच्या हाती दिल्यावर म्हातारा-म्हातारी कायमची इथं राहायला यायची.

त्या खोलीत उभी राहिले तेव्हा मला पंढरपूर आठवलं. फडांचे मठ असतात ना, वारीला आलं की आपल्या माणसांत उतरायची हक्काची जागा, तसंच.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. बरं, मग मुद्द्यावर येते, जरा भराभर.

या गावात जर्मन भाषा चार-चार पिढ्या टिकली. का? शाळेमुळे, चर्चमुळे, वर्तमानपत्रामुळे. न्यू ब्राउनफेल्सचं १८५२ साली निघालेलं वर्तमानपत्र १९५७पर्यंत जर्मनमध्ये छापत होते. गायन मंडळं होती, नेमबाजीची मंडळं होती. पण माझ्या मते या सगळ्याच्या खाली मुक्काम होता. दर आठवड्याला, तीन पिढ्या, एका छपराखाली, एक रात्र. भाषा शिकवायला तिथं कुणी बसत नव्हतं. भांडणं, हिशेब, लग्नं ठरवणं, सगळं जर्मनमध्येच चालत होतं, म्हणून माळ्यावरच्या पोराला ती येत होती.

आणि गेली कशी? १९१८चा कायदा आला, सरकारी शाळांत शिकवणं फक्त इंग्रजीतून. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणं संशयाचं झालं, दुसऱ्यात पुन्हा तेच. तेवढ्यात मोटारी आल्या, रस्ते झाले, गावात येऊन संध्याकाळी घरी जाता येऊ लागलं. रविवारची घरं रिकामी पडली. आता त्यातली बरीच पर्यटकांना भाड्यानं देतात. २००१पासून आपल्याच ऑस्टिनच्या विद्यापीठात टेक्सास जर्मन बोलणाऱ्यांची ध्वनिमुद्रणं चालू आहेत. ती ऐका, बोलणारे बहुतेक सगळे म्हातारे आहेत. कायद्याला दोष देणं सोपं आहे, द्यावाही. पण मोटारीनं केलेलं नुकसान कुणी मोजत नाही आणि आपलं नुकसान नेमकं तिनंच होतंय.

आपली मराठी शाळा रविवारी भरते. शिक्षिका जीव तोडून शिकवतात. तेवढा वेळ आई-बाबा पार्किंगमध्ये फोनवर, आजी-आजोबा घरी. शाळा सुटली की गाडीत इंग्रजी सुरू. गणपतीत आपण हजारभर जमतो आणि रात्री दहाला पांगतो. मुलं एकमेकांशी मराठीत भांडतील एवढा वेळ आपण त्यांना कधी देतच नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मंडळानं महिन्यातून एक शनिवार-रविवार मोठं घर भाड्यानं घ्यावं. दहा कुटुंबं, आजी-आजोबांसकट, रात्रीच्या मुक्कामाला. कार्यक्रम नको, पाहुणे वक्ते नकोत, माइक तर मुळीच नको. स्वयंपाक मिळून करायचा, भांडी मुलांनी घासायची, पत्ते खेळायचे, उशिरापर्यंत जागायचं. खर्चाचा हिशेब मी करून आणलाय, कागद बाहेर चहाच्या टेबलावर आहेत. नावं आजच द्या, कारण मेमध्ये शाळेला सुट्टी लागली की निम्मी कुटुंबं भारतात जातील. आणि पहिला मुक्काम फ्रेडरिक्सबर्गलाच करू या. रविवारी परत निघण्याआधी सगळ्यांना म्युझियम मी दाखवीन.