मालाची शुगर, मालकाची शुगर

(दृश्य: दिंडोरी तालुका, फेब्रुवारीतली सकाळ. द्राक्षाचा मांडव, मण्यांवर कोवळं ऊन.)

या दिवसांत नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही द्राक्षबागेत जा, पहिला प्रश्न ठरलेला. शुगर किती आली?

हे माझे मामा. वय ५८, द्राक्षात तीस वर्षं. घडाच्या खांद्यावरचा एक मणी, मधला एक, शेंड्याचा एक. तिन्ही मणी बोटांनी चिरडून रस काचेवर सोडला. हातातल्या नळीला इथे ब्रिक्समीटर म्हणतात. झाकण मिटायचं, उजेडाकडे तोंड करायचं, एक डोळा झाकायचा. आत निळा रंग संपून पांढरा सुरू होतो, तो आकडा. आज अठरा. शंभर ग्रॅम रसात अठरा ग्रॅमच्या आसपास साखर. व्यापाऱ्याला फोन करायला हरकत नाही.

"मामा, आणि तुमची किती?"

"माझी काय?"

"शुगर."

"मला काय धाड भरलीय?"

(दृश्य: फवारणीची वही. पानं उलटताना जवळून.)

धाड भरल्याशिवाय तपासायचं नाही, हा नियम मामा बागेला मात्र लावत नाहीत. ही त्यांची वही. ऑक्टोबर छाटणीपासूनचा एकेक दिवस हिच्यात आहे. आभाळ आलं, पहाटे दव पडलं, की डावणीची, म्हणजे वेलीवरच्या बुरशीची, फवारणी. डावणी दिसल्यावर नाही, दिसायच्या आधी. पानं हिरवीगार असतानाच देठ तोडून लॅबला पाठवतात, काय कमी पडतंय ते कळायला. "झाड बोलत नाही, म्हणून तपासून घ्यावं लागतं," हे मामांचंच वाक्य. स्वतःचं रक्त त्यांनी शेवटचं दिलं ते हर्नियाच्या ऑपरेशनला. त्याला अकरा वर्षं झाली.

(दृश्य: स्वयंपाकघर. ओट्यावर साखरेचा डबा.)

मामींकडून चहाचा चमचा मागून घेतला. एक सपाट चमचा साखर, चार-पाच ग्रॅम. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते ती एवढीच. डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत असली की ठीक. १०० ते १२५ ही बॉर्डर. १२६ किंवा त्याच्या वर गेली, आणि पुन्हा तपासल्यावरही तेच आलं, की मधुमेह. म्हणजे ठणठणीत माणूस आणि मधुमेही यांच्यात फरक पाव चमच्याचा. हा अंगाला जाणवावा तरी कसा?

मराठीत मधुमेहाला दोन प्रकारच्या मुंग्या चिकटलेल्या आहेत. लघवीला लागतात त्या, आणि पायाला येतात त्या. पहिल्या तर आपल्या जुन्या वैद्यांनाही ठाऊक होत्या. पण मूत्रपिंड साखर सहजासहजी सोडत नाही. रक्तातला आकडा १८० च्या आसपास पोचला की मग ती लघवीत उतरते. १२६ ते १८० या वाटेवर बहुतेकांना मुंग्या नाहीत, तहान नाही, रात्री उठणं नाही. आणि साखरेमुळे पायाला मुंग्या यायला लागल्या, तर तोवर नसांना इजा सुरू झालेली असते. दोन्ही मुंग्या उशिराच येतात.

(दृश्य: गावातलं आयुष्मान आरोग्य मंदिर. बाहेर बाकावर चार-पाच जण. टोपी, पिशव्या, एक दुचाकी.)

आधी आशाताई घरी येऊन गेल्या होत्या. तिशीच्या वरच्या प्रत्येकासाठी एक फॉर्म असतो. वय, तंबाखू, दारू, अंगमेहनत, आईवडिलांना बीपी-शुगर आहे का, आणि कंबर.

"कंबर चौतीस लिहा," मामा म्हणाले.

पँट पोटाखाली बांधली की चौतीस राहतेच. ताईंनी टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरला. ९६ सेंटिमीटर. जवळपास अडतीस इंच! मामांनी टेप हातात घेऊन उलटसुलट पाहिला. भारतीय पुरुषाला ९०, बाईला ८० ही मर्यादा.

मामी दारात उभ्या होत्या. ताईंनी त्यांच्याकडे वळून विचारलं, तर म्हणाल्या, "आधी यांचं होऊ द्या. आमच्या माहेरी शुगर नाहीच कुणाला. आमच्याकडे हार्टचं आहे." हे वाक्य आम्ही चित्रित केलं आणि त्याकडे दुर्लक्षही केलं. त्याबद्दल पुढे.

चेन्नईतल्या मधुमेह संशोधकांनी २००५ मध्ये अशाच चार प्रश्नांवरून एक गुणपत्रिका मांडली: इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर. त्यात सुई नाही, रक्त नाही. मामांची मांडून पाहिली. पन्नाशी पार, तीस गुण. कंबर, दहा. आईला शुगर होती, दहा. राहिली मेहनत. मामा म्हणाले, शेतकऱ्याला व्यायाम विचारता? पण आता छाटणी मजूर करतात, फवारणी ट्रॅक्टर करतो आणि बांधापर्यंत मामा मोटारसायकलने जातात. तिथे वीस. एकूण सत्तर. साठला धोका मोठा धरतात. एवढे चांगले मार्क मामांना शाळेत कधी पडले नव्हते, असं मामी म्हणाल्या.

लांबून पाहिलं तर मामा जाड दिसत नाहीत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि आपले याज्ञिक २१.२. हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, ही आपली ठेवण. वजनकाटा ती दाखवत नाही, टेप दाखवतो.

(दृश्य: ग्लुकोमीटर. बोटावर सुई. रक्ताचा थेंब.)

आता हा प्रसंग नीट पाहा. मामा बागेतून थेट आले. हात पँटला पुसले. सिस्टरनी बोट टोचलं, पट्टीला थेंब लावला. पाच सेकंदांनी आकडा: २७४.

बाकावर शांतता. मामांचा चेहरा उतरला. शेजारचा एक जण लगेच, "कारल्याचा रस सुरू करा."

सिस्टरनी मात्र मामांचा हात नाकाजवळ नेला. "काय तोडत होतात?"

द्राक्षं! बोटांवर साखर वाळलेली होती. फळ हाताळलेल्या बोटावर रक्ताचा थेंब आला की ती साखरही त्यात विरघळते आणि यंत्र दोन्ही एकत्र मोजतं. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यावरही भरवसा नाही. साबण आणि पाणीच हवं. मामा नळावर कोपरापर्यंत हात धुऊन आले. दुसऱ्या हाताचं दुसरं बोट. १६८.

बाकावरचे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. चहा घेऊन तीन तास झालेल्या माणसाला १६८ म्हणजे रोगाचा शिक्का नाही, पण सोडून द्यावं असंही नाही. उपाशीपोटी शिरेतून रक्त द्या, म्हणाल्या.

त्यासाठी नाशिक गाठायचं ठरलं. पहिली खेप वाया गेली, कारण मामांनी वाटेत म्हसरूळला चहा घेतला. "चहा म्हणजे काय जेवण आहे का?" उपाशी म्हणजे आठ तास पाण्याशिवाय काही नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. परत फिरण्याऐवजी मखमलाबादकडे वळून मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागवली, वर जिलेबी. चित्रीकरण बंद ठेवावं अशी मामांची विनंती होती.

(दृश्य: रिपोर्टचा कागद. ठळक अक्षरातले आकडे.)

दुसऱ्या खेपेला रिपोर्ट आला. उपाशी ११८. एचबीएवनसी ६.३.

दुसऱ्या आकड्याला लोक तीन महिन्यांची शुगर म्हणतात, आणि नाव चांगलं आहे. रक्तातली साखर तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. पेशी जगते साधारण १२० दिवस. म्हणून काल उपास केला, परवा जिलेबी सोडली, याने हा आकडा फसत नाही. बोटाचा आकडा आजची वेळ सांगतो, हा हंगाम सांगतो. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून मधुमेह, मधली बॉर्डर. फक्त अंगात रक्त कमी असेल किंवा सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार असेल, तर हा आकडा दिशाभूल करू शकतो. सुरगाणा, पेठ या आपल्याच आदिवासी पट्ट्यात ही गोष्ट डॉक्टरांना ध्यानात ठेवावी लागते.

बॉर्डर! या शब्दाने जेवढा घोटाळा केलाय तेवढा दुसऱ्या कुठल्या शब्दाने केला नसेल. मामांनी बाहेर येऊन मामींना फोन लावला: "काही नाही गं, बॉर्डरवर आहे." आवाज आनंदाचा. पास झालो, असा.

चेन्नईतच बॉर्डरवरच्या ५३१ जणांचा अभ्यास झाला, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीसारखं राहू दिलं, त्यांच्यातले तीन वर्षांत शंभरातले ५५ मधुमेहात गेले. ज्यांना चालायला लावलं, खाण्याला वळण लावलं, त्यांच्यातले ३९. एवढं करूनही ३९ गेले, हेही सांगायला हवं. पण शंभरातले सोळा वाचले, तेही गोळीशिवाय. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटी १० लाख, आणि बॉर्डरवर १३ कोटी ६० लाख. मामांसारखे पास झालेले.

डॉक्टरांनी हे सगळं बागेच्या भाषेत सांगितलं. "आभाळ आलंय. डावणी अजून नाही." मामा खुर्चीत सावरून बसले. द्राक्षं चालतील का, हा त्यांचा पहिला प्रश्न. "मूठभर. क्रेटभर नाही." आणि साखरेऐवजी गूळ? "रक्ताला दोघांतला फरक कळत नाही."

(दृश्य: रिपोर्टचं दुसरं पान.)

दुसरं पान मामांनी उलटलंच नव्हतं. त्यावर लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा हिशेब. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४२. ट्रायग्लिसराइड ही दुसरी चरबी २१०. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३४. चढलेलं ट्रायग्लिसराइड आणि उतरलेलं एचडीएल ही आपल्याकडे पोटाच्या घेराबरोबर येणारी जोडी. तेलाच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत कोलेस्टेरॉल फ्री लिहिलेलं असतं. शेंगदाण्याच्या, सरकीच्या, कुठल्याच वनस्पतीच्या तेलात ते मुळातच नसल्यात जमा असतं. अंगातलं बरंचसं आपलं यकृतच बनवतं. म्हणून तेल बदललं, प्रश्न मिटला, असं होत नाही. मुंग्या तरी उशिरा का होईना येतात. कोलेस्टेरॉलला तेवढीही खूण बहुतेकदा नसते.

मामांबरोबर त्यांचा मुलगाही आला होता. वय ३६, अंबडच्या एमआयडीसीत कामाला, काडीसारखा. आलोच आहोत तर, म्हणून त्यानेही रक्त दिलं. शुगर उत्तम. एलडीएल २०४.

वडिलांचा रिपोर्ट बाजूला राहिला. डॉक्टरांनी त्याला आहाराचं काही विचारलं नाही. विचारलं ते हे: घरात कुणी कमी वयात गेलं का?

त्याच्या आईचे, म्हणजे मामींचे वडील. सत्तेचाळिसाव्या वर्षी, छातीत कळ येऊन. मामींच्या एका भावाची बेचाळिसाव्या वर्षी अँजिओप्लास्टी. आमच्याकडे हार्टचं आहे, असं मामी दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या.

एलडीएल १९० च्या वर आणि घरात अशी माणसं, म्हटल्यावर थायरॉइडसारखी इतर कारणं तपासून मग आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा विचार करावा लागतो. अडीचशे-तीनशे माणसांत एकाला ते असतं. रक्तातलं एलडीएल उचलून नेणारी यकृताची यंत्रणा जन्मापासूनच अधू असते. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल ब्राऊन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांना १९८५ चं नोबेल मिळालं. आईवडिलांपैकी एकाकडून हे आनुवंशिक कोलेस्टेरॉल येतं आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. इथे बारीक असण्याचा उपयोग नाही. गोळी घ्यावी लागते, आणि आकडा खाली आला की ती बंद करायची नसते. आकडा खाली आलेला असतो तो गोळीमुळेच.

ही गोळी म्हणजे स्टॅटिन. तिचं मूळ तांदळावरच्या बुरशीत आहे, १९७३ मध्ये जपानच्या अकिरा एंडो यांना सापडलेलं. हे ऐकून मामा गाडीत बराच वेळ गप्प होते. भुरी, डावणी, करपा: आयुष्य बुरशीशी भांडण्यात गेलं होतं त्यांचं.

(दृश्य: रात्र. पडवी. वही उघडी.)

मामा आता पहाटे बांधावरून चालत जातात. मोटारसायकल शेडमध्ये असते. रोज नाही, तोडणीच्या गडबडीत दोनदा चुकलं. मे महिन्यात पुन्हा एचबीएवनसी करायचंय. ती तारीख त्यांनी कॅलेंडरवर नाही, फवारणीच्या वहीत लिहिलीय, एप्रिल छाटणीच्या नोंदीखाली. "१२ मे. रक्त. चहा नाही."

त्याच ओळीपुढे, वेगळ्या पेनाने, मामींचं बाळबोध अक्षर: "माझं पण."